गुडघा आणि शिट्टी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला साहित्य, इतिहास, धर्म, अर्थकारण असे विषय शोभतात. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो त्या मानाने फार खालचा आहे. अक्षरशः कमरेखालचा आहे. कबड्डीच्या मैदानात एका गड्याने दुसऱ्याच्या गुडघ्यावर केलेली बेकायदा पकड, आणि ती पाहूनही कधी वाजणारी व कधी न वाजणारी पंचाची शिट्टी, एवढाच माझा विषय. पण विषय लहान असला तरी प्रश्न लहान नाही, असे मला वाटते. नियम सर्वांना सारखा लागतो की नाही, हा प्रश्न राज्यघटनेपासून हुतुतूच्या आखलेल्या रेषेपर्यंत एकच आहे.

प्रथम आपण खेळाकडे पाहू. या सभेत हुतुतू खेळले नाहीत असे पुरुष फार थोडे असतील, आणि अलीकडे मुलीही या खेळात मागे नाहीत. चढाई करणारा गडी दम धरून कोपऱ्याकडे वळतो. वळताना त्याचा एक पाय क्षणभर मातीत रोवलेला असतो. तेवढ्यात कोपऱ्यावरचा गडी झेप घेतो, दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरतो आणि स्वतःकडे ओढून घेतो. ही घोटापकड. ती खालून होते, झटक्याने होते, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणते. पण ती पूर्णपणे कायदेशीर आहे. तिला नजर लागते, धैर्य लागते, वेळ साधावी लागते. मांडीची पकड, कमरेची पकड, दोघांनी हात गुंफून केलेली साखळी, याही कायदेशीर.

आता दुसरा प्रकार पाहा. कोपऱ्यावरचा गडी जमिनीवर लोळण घेतो, आपला एक पाय चढाई करणाऱ्याच्या पायापुढून घालतो, दुसरा मागून घालतो आणि अंगाला पीळ देतो. कात्रीच्या दोन पात्यांत कापड सापडावे तसा त्या गड्याचा पाय सापडतो. हिलाच आपण कैची म्हणतो. कबड्डीच्या नियमांनी ती मना केली आहे. अंगावर इजा होईल अशी दांडगाईची पकड, दम तोडण्यासाठी तोंड दाबणे आणि कैची, ही तिन्ही एकाच ओळीत बसवलेली आहेत. आणि अशा रीतीने पकडलेला गडी बाद धरू नये, असे नियम स्पष्ट सांगतो. शिवाय पंचाच्या हाती रंगीत पत्रे आहेत. हिरवे दाखवले म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यापुरती रजा.

आपण विचाराल, की खालून केलेली एक पकड पुण्य आणि दुसरी पाप, हे कसे? कुस्तीतही पट काढतातच की! खरे आहे. पट हा फ्रीस्टाइल कुस्तीतला मानाचा डाव आहे. पण ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावणेच वर्ज्य. तेव्हा खालचे ते वाईट, असा काही सृष्टिनियम नाही. खेळाचे नियम हा खेळणाऱ्यांनी आपसात केलेला करार असतो. मात्र काही कलमे सोयीसाठी असतात आणि काही शरीराच्या रक्षणासाठी असतात. निदानरेषा कोठे असावी हे सोयीचे कलम. कैची नको हे शरीररक्षणाचे कलम. पहिल्यात पंच चुकला तर गुण जातो. दुसऱ्यात चुकला तर पाय जातो.

पाय जातो हे मी अलंकाराने बोलत नाही. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार बळकट बंध एकत्र धरून ठेवतात. दोन बाजूंना आणि दोन आत, एकमेकांना छेद देऊन गेलेले. शिवाय मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात. ही बिजागरी पुढेमागे उत्तम चालते. बाजूने धक्का किंवा पीळ सोसण्याची तिची शक्ती मात्र फार मर्यादित आहे. पाऊल मोकळे असेल तर धक्क्याबरोबर पाय निसटतो आणि निभावते. पाऊल रोवलेले असेल, अंगाचा भार त्यावर असेल आणि तेव्हाच बाजूने आघात झाला, तर जोर जातो कोठे? तो त्या बंधांवर जातो. आतला पुढचा बंध तुटला तर तो आपोआप पूर्ववत जुळेल असा भरवसा नसतो. खेळणाऱ्याला बहुधा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते आणि पुन्हा मैदानात उतरायला सहसा नऊ महिने ते वर्ष जाते. कैचीत हे सारे एकत्र येते: रोवलेला पाय, अंगाचा भार आणि दोन्हीकडून पीळ.

जगातील इतर खेळांनाही हाच अनुभव आला आहे. जपानी ज्यूदोमध्ये ‘कानी बसामी’ नावाचा डाव आहे. त्या शब्दांचा अर्थच खेकड्याची कैची. १९८० साली जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत यासुहिरो यामाशिता या थोर खेळाडूवर हा डाव पडला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो डाव हद्दपार झाला. आपली कैची आणि जपानची कैची भिन्न देशांतल्या. गुडघा मात्र सगळीकडे एकच.

यापेक्षा बोधप्रद इतिहास अमेरिकन फुटबॉलचा आहे. नाव फुटबॉल, पण तो खेळ हाताने चेंडू धरून धावण्याचा आणि अंगाने वाट अडवण्याचा. ज्याच्या हाती चेंडू नाही त्यालाही तेथे अंगाने अडवता येते. त्या अडवण्याला ते ‘ब्लॉक’ म्हणतात. हा ब्लॉक छातीवर केला तर बळाची परीक्षा होते; गुडघ्यावर केला तर बंधांची. त्यातही एक अघोरी प्रकार होता. एकाने समोरच्याला वरून गुंतवून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्याच वेळी खालून त्याच्या मांडीवर किंवा गुडघ्यावर कोसळायचे. याला ‘चॉप ब्लॉक’ म्हणतात. वरून गुंतलेल्या माणसाला खालचा घाव दिसत नाही आणि चुकवताही येत नाही.

या खेळात १९०५ च्या एकाच हंगामात अठराएक तरुण मृत्युमुखी पडल्याची नोंद तेथील वर्तमानपत्रांनी केली होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून खेळ सुधारा असे सांगितले, आणि १९०६ मध्ये नियम पुष्कळ बदलले. तरी खालून अडवण्याचा प्रश्न शतकभर रेंगाळला. व्यावसायिक सामन्यांत चॉप ब्लॉक सर्वस्वी बंद झाला तो २०१६ मध्ये. विद्यापीठांच्या सामन्यांत कमरेखालच्या ब्लॉकला अगदी थोड्या जागेपुरती आणि ठरावीक खेळाडूंपुरती मुभा उरली ती २०२२ मध्ये. एवढा वेळ का लागला? एक कारण असे, की नियमाला अपवाद फार होते. या जागी चालेल, त्या जागी नाही. समोरून चालेल, बाजूने नाही. हा अडवू शकेल, तो नाही. क्षणार्धात घडणारी गोष्ट आणि तिच्यासाठी पानभर अपवाद! पंचाने पाहायचे तरी काय? नियम जितका गुंतागुंतीचा, तितका तो प्रत्येक पंचाच्या हाती वेगळा होतो. शेवटी अपवाद कमी करणे, हाच मार्ग त्यांना सापडला.

आपले भाग्य असे, की कैचीचा नियम सरळ आहे. त्याला अपवाद नाहीत. मग तरीही मैदानावर कैची का दिसते? येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नियम पुस्तकात असतो; खेळाडू मात्र पुस्तक वाचून खेळत नाही, तो शिट्टी ऐकून खेळतो. ज्या गोष्टीला शिट्टी वाजते ती निषिद्ध, आणि जिला वाजत नाही ती मान्य, एवढीच त्याची स्मृती आणि एवढेच त्याचे धर्मशास्त्र.

आता कल्पना करा, की पंच पहिल्या डावात कैचीला शिट्टी वाजवतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत, सामना रंगला असताना, डोळेझाक करतो. किंवा पाहुण्या संघाच्या कैचीला वाजवतो आणि यजमानांच्या कैचीला ‘जोरदार पकड’ म्हणतो. किंवा एका बाजूचा पंच वाजवतो आणि दुसऱ्या बाजूचा वाजवत नाही. यात तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले नुकसान जखमी गड्याचे. ते सर्वांना दिसते. दुसरे नुकसान प्रामाणिक बचावपटूचे. तो घोटापकड शिकण्यात दोन वर्षे घालवतो, आणि त्याचा शेजारी दोन दिवसांत कैची शिकून त्याच्याहून अधिक गुण मिळवतो. संघात जागा कोणाला मिळेल? तिसरे नुकसान खुद्द नियमाचे. जो नियम कधीच पाळला जात नाही तो लोक विसरून तरी जातात; जो कधी पाळला जातो आणि कधी नाही, त्याला लोक फसवणूक म्हणू लागतात. मग शिट्टी योग्य वाजली तरी खेळाडू हुज्जत घालतो, कारण त्याच्या दृष्टीने ती न्यायाची शिट्टी नसते, लहरीची असते.

हे केवळ खेड्यातल्या मैदानावर घडते असे कोणी समजू नये. २४ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकेत सिएटल येथे व्यावसायिक फुटबॉलचा सामना चालू होता. नेहमीच्या पंचांचा मालकांशी वेतनाचा तंटा असल्यामुळे त्यांच्या जागी बदली पंच उभे केले होते. अगदी शेवटच्या क्षणी दोन्ही बाजूंच्या गड्यांनी एकच चेंडू कवटाळला. जवळ उभ्या असलेल्या दोन पंचांपैकी एकाने हात वर करून गुण जाहीर केले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने वेगळी खूण केली! गुण सिएटलला गेले; ग्रीन बेचा संघ १४ विरुद्ध १२ असा हरला. साऱ्या देशात एवढा गदारोळ झाला, की दोन दिवसांत मालकांनी तडजोड केली आणि नेहमीचे पंच परत आले. पंचाचे मोल तो नसताना कळते, हे त्या धनाढ्य मालकांना असे शिकावे लागले.

आपल्या कबड्डीचेही उदाहरण देतो. या खेळासाठी मराठी माणसाने किती खस्ता खाल्ल्या! १९२३ मध्ये बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध सामने भरवले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वेचले, तेव्हा कोठे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला पदकाचा मान मिळाला. त्याच आशियाई स्पर्धांत, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझोऊ येथे भारत आणि इराण यांचा अंतिम सामना होता. गुण २८–२८. खेळ संपायला फार थोडा वेळ उरलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि झटापट होण्यापूर्वीच बाजूच्या राखीव पट्ट्यात, म्हणजे लॉबीत, उतरला. त्याच्यामागोमाग इराणचे गडीही उतरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे पट्ट्यात उतरलेले सगळेच बाद. नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. पंचांनी एक निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानातच ठाण मांडून बसले. सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. आपल्याला सुवर्णपदक मिळाले याचा आनंद आहेच. पण आशिया खंडातल्या सर्वोच्च सामन्यात कोणता नियम लागू आहे हेच ऐन वेळी ठरू नये, याची खंतही आपल्यालाच वाटली पाहिजे. जिंकलेल्याने पंचगिरीवर बोट ठेवणे हीच खरी निःपक्षपाती टीका. हरलेल्याने ठेवले तर लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे.

कुस्तीचा आखाडाही यातून सुटलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत शिवराज राक्षे यांची पाठ पूर्ण टेकली की नाही यावरून वाद पेटला आणि मल्लाने पंचावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्यावर आणि आणखी एका मल्लावर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचावर हात टाकणे सर्वथा निंद्यच. त्याला समर्थन नाही. पण वर्षानुवर्षे निर्णयांवरचा विश्वास झिजत गेला, की एखाद्या दिवशी त्याचा असा स्फोट होतो, हेही शहाण्या माणसाने ध्यानात घ्यावे.

येथे माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हा मर्दानी खेळ आहे. थोडे लागायचेच, प्रत्येक पकडीला शिट्टी वाजली तर खेळाचा जीव जाईल. याला माझे उत्तर, की प्रत्येक पकडीला वाजवा असे मी म्हणतच नाही. घोटापकडीत खरचटेल, गडी आपटेल. तेथे खुशाल खेळ चालू द्यावा. मी फक्त एका कैचीबद्दल बोलतो आहे, आणि ती वाजायची तर पहिल्या मिनिटापासून अखेरच्या मिनिटापर्यंत वाजावी. पहिल्या दोनतीन सामन्यांत खेळ थोडा थांबेल. मग कैची बंद होईल आणि शिट्टीही बंद होईल. ज्या गावात चोर हटकून सापडतो तेथे पोलिसाला फार धावावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की पंचही माणूस आहे, चूक होणारच. मान्य आहे. चूक क्षम्य आहे. सोय पाहून केलेली डोळेझाक क्षम्य नाही. आणि ही डोळेझाक तो का करतो, याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जत्रेतल्या स्पर्धेत पंच कोण असतो? बहुधा जवळपासच्या शाळेतला शिक्षक किंवा जुना खेळाडू. मानधन तुटपुंजे. बक्षीस देणारे पुढारी समोर खुर्चीवर. रेषेला चिकटून हजारभर माणसे, त्यांतली निम्मी एका संघाची. उद्या सकाळी त्याला त्याच गावच्या पारावरून जायचे असते! अशा माणसाने यजमान गावाच्या लाडक्या गड्याविरुद्ध निकालाच्या क्षणी शिट्टी वाजवावी अशी अपेक्षा आपण करतो, पण त्याच्या पाठीशी उभे किती राहतो?

क्रिकेटने यावर एक तोड काढली. यजमान देशाचेच पंच असल्याने तंटे होत. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोरच्या कसोटीसाठी भारतातून व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन पंच नेण्यात आले. त्यांपैकी रिपोर्टर तर आपल्या महाराष्ट्राचे. भारतीय पंचांनी पाकिस्तानात न्याय दिला आणि दोन्ही बाजूंनी तो मानला! पुढे तटस्थ पंच ही क्रिकेटची रीतच झाली. जे दोन देशांना जमले ते दोन तालुक्यांना का जमू नये?

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. त्यांना पैसा फारसा लागत नाही. आपला जिल्हा १९९९ पासून स्वतंत्र आहे आणि त्याचे तालुके पाच. औंढा नागनाथच्या स्पर्धेला वसमतचे पंच असावेत, सेनगावला कळमनुरीचे, हिंगोलीला बाहेरचे. सामन्यापूर्वी दोन्ही संघनायकांना बोलावून सरपंचाने मोठ्याने सांगावे, की कैची दिसली की शिट्टी वाजेल, मग वेळ कोणतीही असो. दोन पंच आणि सरपंच यांनी आधी बसून कोणत्या पकडीला कैची म्हणायचे हे आपसात पक्के करावे. गुणपत्रिकेत गुणांबरोबर दिलेल्या ताकिदीही लिहाव्यात, म्हणजे कोणत्या संघाला किती वेळा शिट्टी वाजली हे वर्षाअखेर कोणालाही पाहता येईल. हातातल्या दूरध्वनीवर चित्रण करणे आज पोराटोरांनाही येते. त्याचा उपयोग पंचाची टर उडवण्यासाठी न करता दुसऱ्या दिवशी पंचांनी एकत्र बसून शिकण्यासाठी करावा. आणि शेवटचे, सर्वांत अवघड काम आपल्यासारख्या प्रेक्षकांचे. आपल्या गावाच्या गड्याने कैची घातली आणि शिट्टी वाजली, तर पंचाला शिव्या न देता गप्प राहावे. टाळी वाजवलीत तर सोन्याहून पिवळे.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? आपल्या भागातला कबड्डीपटू कोण आहे ते पाहा. तो कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे, मोंढ्यात पोती उचलणाऱ्या हमालाचा मुलगा आहे. त्याच्या घरी सोयाबीन किंवा हळद असेल. आणि बेणे लावण्यापासून काढणीपर्यंत सारे काम वाकून, उकिडवे बसून करायचे. पहाटे रस्त्याने धावणारी मुले आपण रोज पाहतो. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. त्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मैदानावर, शिट्टीच्या साक्षीने मिळवायचे असते. अशा मुलाचा गुडघा म्हणजे त्याची शेती, त्याची नोकरी आणि त्याच्या म्हाताऱ्या आईबापांची काठी. शहरातल्या व्यावसायिक खेळाडूला जखम झाली तर त्याच्यामागे वैद्य, विमा आणि संघमालक उभे असतात. जत्रेच्या मैदानावर बंध तुटलेल्या मुलाला हळद-तेल चोळून घरी पाठवतात, आणि महिन्याभराने तो लंगडत नांदेडची वाट धरतो. त्याच्या आणि त्या लंगडण्याच्या मध्ये संरक्षण म्हणून उभी असते ती फक्त एका अल्प मानधनी माणसाची शिट्टी.

आणखी एक विचार मांडून मी थांबतो. मुलाला कायदा प्रथम भेटतो तो न्यायालयात नव्हे, मैदानावर. बारा वर्षांचा मुलगा पाहतो, की मोठ्या गावाच्या, मोठ्या घरच्या गड्याला शिट्टी वाजत नाही, आणि तो मनाशी काही शिकतो. तेच मूल पाहते, की शेवटच्या मिनिटाला, सारी गर्दी ओरडत असताना, एका साध्या शिक्षकाने यजमान संघनायकाला पिवळे पत्र दाखवले आणि कोणी त्याच्या अंगावर धावून गेले नाही. तेव्हाही ते काही शिकते. यांपैकी कोणता धडा आपल्या मुलांच्या वाट्याला यावा हे पुढच्या जत्रेत ठरणार आहे, आणि ते ठरवणाऱ्यांत रेषेबाहेर उभे असलेले आपण सगळे आहोत.